चार बोटं खचलेलं घर

धारवाड–अळणावर गाडीवरच्या कंडक्टर शिवलीला हूगारनं त्रेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं घर घेतलं, तेव्हा डेपोत कुणी पेढे मागितले नाहीत. कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर मल्लप्पा नावाच्या कंडक्टरनं विचारलं, "अक्का, घर बघायला कधी येऊ? पडायच्या आत एकदा बघून घ्यावं म्हणतो."

सगळे हसले. शिवलीलाही हसली. एकवीस वर्षं गाडीच्या दारात उभं राहून तिला एवढं कळलं होतं, की हसणाऱ्याला आधी पोटभर हसू द्यावं, मग सुट्टे मागावेत.

"ये की," ती म्हणाली. "येताना तेवढं हेल्मेट घालून ये."

मल्लप्पाचं फार चुकलं होतं असंही नाही. मदिहाळच्या चढावरचं होंबळ मास्तरांचं ते कौलारू घर नऊ वर्षं कुलपात होतं. मास्तर गेले, वर्षाच्या आत मास्तरीणबाई गेल्या, दोन्ही मुलं बेंगळूरला. छपराच्या पन्हळीत पिंपळ उगवला होता. मागच्या भिंतीचा गिलावा पोपडे धरून लोंबत होता. मधल्या सोप्यात ऐनाच्या लाकडाचे चार खांब होते, आणि त्यातल्या एका खांबावरची तुळई इतकी खाली आली होती, की आत पाऊल टाकणारा माणूस नकळत मान वाकवायचा. माजघराचं दार चौकटीत घट्ट अडकलेलं. दलालानं खांदा लावला, लाथ घातली, शेवटी हात झटकत म्हणाला, "हे बघा अक्का, आपण पैसे जागेचे बोलतोय. घर वर फुकट. पाडायची मजुरी तेवढी तुमची."

ते 'फुकट' शिवलीलेला कुठंतरी लागलं. ती बाहेर आली आणि दारापुढच्या दगडी कट्ट्यावर बसली. कट्टा चांगला सहा हात लांब, घोटून गुळगुळीत झालेला, आणि त्याच्या कडेनं पाणी वाहून जायला दगडातच कोरलेली पन्हळ. ती त्या पन्हळीवरून बोट फिरवत बराच वेळ बसली, आणि दलालाला म्हणाली, "घेतलं."

त्या पन्हळीचं तिला काय एवढं कौतुक, हे दलालाला कळणं शक्य नव्हतं. हूगार म्हणजे फुलांची माणसं. शिवलीलेची आई गौरव्वा जन्मभर हार करत आली. शिवलीला चार वर्षांची असताना वडील गेले, तेव्हापासून मायलेकी भाड्याच्या खोल्यांतून राहिल्या. एक नाही, दोन नाही, अकरा खोल्या. फुलांच्या घरात पाणी फार. ओल्या टोपल्या, ओली फडकी, पहाटे शिंपडायला बादल्या. प्रत्येक मालकिणीचं गाणं एकच: "गौरव्वा, फुलं देवाला आणि ओल आमच्या भिंतीला!" शिवलीला अकरा वर्षांची असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका घरमालकानं, पाहुणे यायचेत आणि जिना ओला झालाय म्हणून, शेवंतीच्या सगळ्या टोपल्या उचलून रस्त्यावर ठेवल्या. चाळीस हारांची ऑर्डर होती. गौरव्वा एका शब्दानं भांडली नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली, मुलीला शेजारी बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत चाळीसच्या चाळीस हार पुरे केले. माणसं वळून वळून बघत होती. शिवलीला मान खाली घालून फुलं निवडत होती. त्या दुपारी तिनं मनाशी काय ठरवलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण कंडक्टरच्या नोकरीचा पहिला पगार झाला, त्याच दिवशी ती कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत खातं उघडून आली.

घर दोघींच्या नावावर झालं. कागद घेऊन ती आईपुढं बसली. गौरव्वानं कागदाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि परत दिला.

"चल अव्वा, दाखवून आणते."

"मला आता दाखवू नकोस," गौरव्वा म्हणाली. हातातला दोरा थांबला नव्हता. "अकरा घरांत मी चूल मांडली आणि अकरा घरांतून उचलली. आता अर्ध्यामुर्ध्या घराला जीव लावायची ताकद नाही माझ्यात. राहायजोगं झालं की सांग. तोवर मी उंबऱ्यावर पाय ठेवत नाही."

"आणि नाहीच झालं तर?"

"तर तू एकटीच रडशील. दोघी कशाला रडायच्या?"

शेजारच्या भूखंडावर महांतेश नावाच्या कंत्राटदाराची तीनमजली इमारत उभी राहत होती. ही जागा त्यालाही हवी होती, पण मास्तरांच्या मुलांशी त्याचं जमलं नव्हतं. तो आपणहून घर बघायला आला. बुटाच्या टोकानं त्यानं तो खचलेला खांब ठोकरला, तसा भुसा खाली सांडला.

"हे बघितलंत? खालून वाळवीनं खाल्लाय. तुळई चार बोटं खाली आलीय. एक दिवस तुमच्या आईच्या डोक्यात येईल. मी सांगतो, पोकलेन आणला की दोन तासांचं काम. मग खोल्या उठवू छानपैकी. हप्त्यानं द्या पैसे."

शिवलीला घरी गेली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. दुसऱ्या दिवशी गाडी मुगदच्या फाटकाशी रेल्वेसाठी थांबली, तेव्हा तिनं हे सगळं ड्रायव्हर दावलसाब नदाफला सांगितलं. सात वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. दावलसाब बोलायचा कमी. एकदा बोलला की ब्रेक मारल्यासारखं.

"अक्का," तो फाटकाकडंच बघत म्हणाला, "टायर बसला म्हणून आपण गाडी भंगारात घालतो काय?"

"नाही."

"मग? आधी मेकॅनिक बघ. कंत्राटदार म्हणजे भंगारवाला. भंगारवाल्याला विचारलं तर तो भंगारच म्हणणार."

फाटक उघडलं. शिवलीलेनं शिट्टी मारली आणि तिकिटं फाडायला वळली, पण त्या दिवसापासून तिकिटाबरोबर ती प्रत्येक म्हाताऱ्या उतारूला एक प्रश्न विचारू लागली: "अज्जा, जुन्या लाकूडकामाचं माणूस कोण उरलंय हो आपल्याकडं?" तीन दिवसांत गाडीतल्या सतरा म्हाताऱ्यांनी एकच नाव सांगितलं. मुगदचा मौनेश बडिगेर. सतरावा म्हणाला, "पण तो आता येणार नाही. देवानं बोलावलं तरी विचार करून सांगतो म्हणेल."

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती मुगदला गेली. मौनेश अज्जा ऐंशीच्या आसपासचा. अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होता.

"मी सोडलं," त्यानं वर न बघता सांगितलं. "हात थरथरतो. आणि आता दिवस लोखंडाचे. माझ्या नातवानंसुद्धा लोखंडी दार बसवलं. सुताराच्या घराला लोखंडी दार! जा बाई."

"हात माझा वापरा," शिवलीला म्हणाली. "डोळे तेवढे तुमचे द्या."

"तुझा हात काय करतो? तिकीट फाडतो."

"एकवीस वर्षं चालत्या गाडीत, खड्ड्यांतून, एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकीट फाडतो. एवढा तोल तुमच्या किती शिष्यांना होता?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग तोंडातला दाणा चावून संपवला, आणि म्हणाला, "ही बाई भांडायला आलीय. कोट दे रे कुणीतरी माझा."

मदिहाळला आल्यावर अज्जा आधी चारी खांबांपाशी गेला आणि बोटांच्या पेरांनी एकेकावर ठक् ठक् केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं. मग शिवलीलेला बोलावलं. "कान लाव. हा बोलतो. हा बोलतो. हाही बोलतो. आता ह्याला लाव." चौथ्या खांबाचा आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आला. "हा मुका. पण किती मुका ते बघू." तो पेर टेकवत वर गेला. गुडघ्याच्या वर खांब पुन्हा बोलू लागला.

"घर आजारी नाही पोरी," अज्जा खाली बसत म्हणाला. "घराचा एक पाय गेलाय. बाकी माणूस धडधाकट आहे."

त्यानं खांबाच्या बुडाचं सिमेंट पहारीनं फोडायला सांगितलं. शिवलीलेनं पदर खोचून पहार घेतली. वीतभर खाली एक सुंदर घडीव दगड निघाला, चौकोनी, कमळाच्या पाकळ्या कोरलेला तळखडा.

"हे बघ. बांधणाऱ्यानं खांब दगडावर उभा केला होता. लाकडाला श्वास लागतो. नंतर कुण्या शहाण्यानं जमीन चकचकीत करायची म्हणून सिमेंट ओतलं आणि दगड पुरला. ओल कोंडली, वाळवी आली. तीस वर्षं तरी झाली असतील."

उपाय त्यानं सांगितला तो ऐकायला सोपा होता. कौलं उतरवून वजन कमी करायचं, तुळई मूळ जागेपर्यंत उचलून धरायची, खांबाचा सडका भाग कापायचा आणि नवा पाय सांधायचा. "पण उचलायची कशी? आमच्या वेळी पंधरा माणसं पहारी लावायची. आता पंधरा माणसं मोबाईल खाली ठेवून येतील काय?"

शिवलीला हसायला लागली. अज्जाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अज्जा, पन्नास माणसं भरलेली गाडी आम्ही दोघं उचलतो. टायर बदलायला."

दावलसाबच्या मेहुण्याचं बायपासला ट्रकचं गॅरेज होतं. तिथून दोन जॅक आले. दावलसाबनं मुद्दाम निवडून आणले होते. "तेलाचा नको. तेलाचा गुपचूप खाली बसतो. हा आट्यांचा आहे, ठेवशील तिथं राहील. जुन्या माणसासारखा."

पुढच्या रविवारी कौलं उतरवायची ठरली. शिवलीलेनं कुणाला बोलावलं नव्हतं, फक्त डेपोच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'घर पडायच्या आत बघायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मिळतील.' तेवीस जण आले. मल्लप्पा खरोखरच हेल्मेट घालून आला. फाटकातून आत शिरताना तो सगळ्यांना सलाम करत होता. पण शिडीवर पहिला तोच चढला. छपरापासून अंगणापर्यंत माणसांची साखळी झाली. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधल्या दोन मुली, तिकीट तपासनीस कुलकर्णीसुद्धा, ज्यांना सगळे वचकून असत. कौल हातातून हातात उतरत होतं. दुपारपर्यंत अंगणात बावीसशे कौलं चवडी लावून उभी राहिली. फुटकी निघाली ती एकशेचाळीस.

मल्लप्पानं एक कौल उन्हात धरून वाजवलं. घंटेसारखं वाजलं. "अक्का," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "हे माझ्या बापापेक्षा म्हातारं आहे, आणि माझ्या बापापेक्षा धड आहे."

दुसऱ्या दिवशी जॅक लागले. खाली जाड फळ्या, वर ओंडके, त्यावर तुळई. आता गरगर फिरवलं की झालं, असं दावलसाबला वाटलं. पण अज्जानं त्याचा हात धरला.

"सकाळी पाव फेरा. संध्याकाळी पाव फेरा. त्याच्यावर केसभरही नाही. तीस वर्षांत जे खाली आलंय, ते एका दिवसात वर नेलंस तर भिंती फाटतील. आणि फिरवणार ही. रोज एकच हात पाहिजे. त्या हाताला कळतं, आज किती जोर लागला ते."

असे पंधरा दिवस गेले. डेपोत जायच्या आधी पहाटे शिवलीला स्कूटरवरून मदिहाळला यायची, कुलूप काढायची, जॅकच्या दांडीला नमस्कार करायची आणि दोन्ही जॅकना पाव फेरा द्यायची. संध्याकाळी खाकी गणवेशातच पुन्हा पाव फेरा. अज्जा तिच्याच गाडीनं मुगदहून येऊन दिवसभर कट्ट्यावर बसायचा आणि शेवटच्या गाडीनं परत जायचा. आपल्या खाटेखाली वीस वर्षं जपलेला ऐनाचा एक ओंडका त्यानं गाडीच्या टपावर घालून आणला होता. "नातवाच्या दारासाठी ठेवला होता," एवढंच तो म्हणाला.

सहाव्या दिवशी सकाळी दांडी फिरवताना डोक्यावर कडाड् असा आवाज झाला आणि मागच्या भिंतीचा हातभर गिलावा धपकन खाली आला. धुळीनं काही दिसेना. शिवलीलेला पळावंसं वाटलं. पण दांडी तिच्या हातात होती, आणि आट्यांचा जॅक खाली बसत नाही हे ऐकूनही ती सोडायची तिची हिंमत होईना, म्हणून ती तशीच उभी राहिली. अज्जा त्या दिवशी पहिल्या गाडीनं आला होता. तो दारातून ओरडला, "सोडू नकोस! बोलू दे त्याला. तीस वर्षं वाकून उभा होता, सरळ होताना हाडं वाजणारच!"

धूळ खाली बसली. भिंत जागच्या जागी होती. पडला होता तो नंतर कुणीतरी थापलेला सिमेंटचा पापुद्रा. आतली मातीची भिंत मूठ आपटली तरी हलत नव्हती.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती पाव फेरा देऊन कपाळ पुसत होती, तेवढ्यात मागं कुरकुर आवाज झाला. वळून बघते तर माजघराचं दार, दलालाच्या लाथेला न दबलेलं, आपलं आपण दोन बोटं उघडलं होतं. चौकट सरळ झाली होती. शिवलीलेनं एका बोटानं दार ढकललं. ते पुरतं उघडलं. तिनं ते लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. अज्जा म्हणाला, "खेळ झाला असेल तर गाडी चुकेल माझी." पण तोही उठला नाही, ती आणखी चार वेळा उघड-मीट करेपर्यंत बघत बसला.

बाराव्या दिवशी पालिकेचा एक तरुण अभियंता आला. कुणीतरी तक्रार केली होती, की छप्पर नसलेलं धोकादायक घर बसच्या जॅकवर उभं आहे, रस्त्यावर कोसळेल. त्याच्यामागं महांतेश उभा होता, इकडंतिकडं बघत. अभियंत्यानं ओळंबा सोडला, टेप लावला, तुळईखाली वाकून बघितलं. त्याच्याजवळ पातळी बघायची काचेची नळी होती, ती त्यानं तुळईवर ठेवली. नळीतला बुडबुडा मध्यापासून जेमतेम केसभर बाजूला होता.

"अजून तीन दिवस आहेत," शिवलीला म्हणाली. "मग तो मध्ये येईल."

"हे कुणी केलं?"

अज्जानं काठीनं तिच्याकडं दाखवलं. "हिनं. मी नुसता इथं बसून शेंगा खातोय."

"तुमचं शिक्षण काय हो?" अभियंत्यानं विचारलं.

"बारावी," ती म्हणाली. "आणि अळणावर गाडी."

अभियंता हसला. मग त्यानं जे केलं त्यानं महांतेशचा चेहरा उतरला. तो अज्जाशेजारी कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "अज्जा, सांधा कधी करणार? मला बघायचाय. कॉलेजात आम्हाला फक्त चित्र दाखवलं होतं." आणि जाताना कागदावर लिहून गेला: काम योग्य रीतीनं चालू आहे, धोका नाही.

सांध्याच्या दिवशी तो सुट्टी काढून आला. अज्जाचा हात खरंच थरथरत होता; त्यानं कोळशानं रेघा मारल्या त्या वाकड्यातिकड्या, पण बोलून बरोबर करून घेतल्या, आणि करवत चालवली शिवलीलेनं. वरचा खांब तिरका कापला, खालचा नवा पाय तसाच तिरका, एकमेकांत दात घालून बसवला, लाकडी खुंट्या ठोकल्या. नवा पाय कमळाच्या दगडावर टेकला. दावलसाबनं आणि तिनं मिळून जॅक उलटा फिरवायला सुरुवात केली. तुळई हळूहळू उतरली, खांबावर बसली, आणि जॅकची दांडी सैल झाली. सगळे वर बघत उभे होते. अज्जानं शिवलीलेला खुणावलं. तिनं बोटाच्या पेरांनी खांबावर ठक् ठक् केलं.

खांब बोलला.

शिवलीला मग रडली, सगळ्यांसमोर, जॅकची दांडी हातात धरून. दावलसाब जॅक पुसत म्हणाला, "इतकं पाणी नको, लाकडाला ओल लागेल," आणि स्वतःच बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

त्यानंतरचं काम कष्टाचं होतं, पण काळजीचं नव्हतं. चुन्यात गूळ आणि ताग घालून अज्जानं आठ दिवस कुजवला. त्या वासानं महांतेशचे मजूर नाक धरून जायचे. शिवलीलेनं सुट्टीच्या दिवशी तांबडी माती पायानं तुडवली, भिंती लिंपल्या, एकशेचाळीस कौलं पाडलेल्या घरांच्या ढिगांतून शोधून आणली. जमिनीचं सगळं सिमेंट काढून शहाबादी फरशी घातली आणि चारी कमळं उघडी ठेवली.

चैत्र संपत आला. एका संध्याकाळी गौरव्वानं दोरा ओवता ओवता विचारलं, "पुढचं दार किती हातांचं आहे?"

इतक्या महिन्यांत घराबद्दल तिनं विचारलेली ही पहिली गोष्ट. शिवलीलेनं हातातला घास ताटात ठेवला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? धारवाडच्या शंभर घरभरण्यांना मी दाराचे हार केले. माप न घेता हार करत नाही मी. जा, मोजून ये."

बसव जयंतीला गृहप्रवेश झाला. नऊ हातांचा हार; शेवंती, झेंडू, मध्ये मरव्याच्या काड्या. गौरव्वा दावलसाबच्या रिक्षावाल्या भाच्याबरोबर आली. हार तिनं दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. सत्तराव्या वर्षी स्टुलावर चढली. मग उजवा पाय आत टाकला. सोपा बघितला, माजघर, चूल, मागची विहीर. चारी खांबांवरून हात फिरवला. चौथ्यापाशी थांबली. "कुठला तो नवा पाय?" शिवलीलेनं दाखवला. "दाखवल्याशिवाय कळत नाही," गौरव्वा म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. मग ती बाहेर गेली, आणलेली ओली टोपली कट्ट्यावर ठेवली. टोपलीतलं पाणी ठिबकत पन्हळीतून वाहत गटारीपर्यंत गेलं. ती ते जाताना बघत राहिली.

"इथं ओल चालते काय हो?" तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"मालकिणीला विचारा," शिवलीला म्हणाली.

"मालकीण कोण?"

"कागदावर पहिलं नाव गौरव्वा नावाच्या बाईचं आहे. फार कडक आहे म्हणतात."

गौरव्वा हसली, तोंडावर पदर न घेता. दुपारी पंगतीला डेपो लोटला. पुरणाच्या होळिगे, भरल्या वांग्यांची एण्णेगायी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. महांतेशही आला, तीन होळिगे तुपात बुडवून खाल्ल्या, आणि हात धुताना हळूच म्हणाला, "अज्जा, कळगीला आमच्या मामाचं असंच एक घर आहे. तुमचा फोन नंबर मिळेल काय?"

"मी फोन ठेवत नाही," मौनेश अज्जा म्हणाला. "अळणावर गाडीच्या कंडक्टरला विचार. आता काम ती करते. मी शेंगा खातो."

आणि ते पुढं तसंच झालं. तीन वर्षांत मदिहाळच्या चढावरची आणखी दोन आणि महांतेशच्या मामाचं एक, अशी तीन घरं पोकलेनच्या तावडीतून जॅकनं सुटली. सुट्टीच्या दिवशी शिवलीला जायची, अज्जाला बरोबर न्यायची. अज्जा गेला, तेव्हा त्याची करवत नातवानं आपणहून तिला आणून दिली.

दारावर पाटी मात्र बरेच दिवस नव्हती. शेवटी मल्लप्पानंच पाटी रंगवणारा आणला. काय लिहायचं, यावर कट्ट्यावर बैठक बसली. कुणी म्हणालं 'गौरी निलय', कुणी 'शिवकृपा'. शिवलीला म्हणाली, "फक्त नावं लिही. गौरव्वा हूगार. शिवलीला हूगार."

"आणि खाली कंडक्टर लिही," गौरव्वानं सांगितलं.

"अव्वा, लोक डॉक्टर लिहितात, वकील लिहितात. कंडक्टर कोण लिहितं?"

"त्या डॉक्टरांनी आपलं घर आपल्या हातानं उचललंय काय?" गौरव्वा म्हणाली आणि रंगाऱ्याकडं वळली. "मोठ्या अक्षरात लिही बाबा. रस्त्यावरून जाताना वाचता आलं पाहिजे. आणि माझ्या नावाखाली लिही, हार मिळतील."

रंगाऱ्यानं तसंच लिहिलं. कन्नडमध्ये, हिरव्यावर पांढऱ्या रंगात. 'कंडक्टर' लिहिताना त्याला जागा कमी पडली, म्हणून शेवटची दोन अक्षरं जरा दाटीवाटीनं बसली आहेत. पण चढ चढून येणाऱ्या माणसाला ती लांबूनच वाचता येतात.